ग्रॅमवर तोललेलं तूप: किटो आहार औषध म्हणून

शेवंती | रविवार, रात्री १०.४०

गेल्या आठवड्यात वजनाच्या धाग्यावर किटोवरून (स्निग्ध भरपूर, कर्बोदकं अगदी कमी असा आहार) बरीच वादावादी झाली. कुणी त्याला खूळ म्हणालं, कुणी किडनीची भीती घातली, कुणी तीन महिन्यांत बारा किलो उतरल्याचं लिहिलं. मीही लिहायला घेतलं होतं, पण खोडून टाकलं. आमच्या घरात हा शब्द वजनासाठी कधी आलाच नाही. आमच्याकडे ते औषध आहे. म्हणून हा वेगळा धागा.

माझी लेक सहा वर्षांची आहे. इथे तिला चिऊ म्हणते. साडेतीन वर्षांची असताना खेळता खेळता तिची मान एकदम खाली पडली आणि ती तोंडावर आपटली. ताप नव्हता, काही नव्हतं. चार महिन्यांत हे दिवसाला वीस-पंचवीस वेळा व्हायला लागलं. क्षणभर सगळं अंग सैल पडायचं आणि ती जिथे असेल तिथे कोसळायची. हनुवटीला दोनदा टाके पडले. टेबलाच्या, पलंगाच्या कोपऱ्यांना फोम लावला, तिला हेल्मेट आणलं. नात्यातल्या एकीने कांदा हुंगवायला सांगितला, दुसरीने चप्पल. त्यांच्यावर चिडायचंही त्राण नव्हतं.

तीन औषधं झाली. दुसऱ्याने महिनाभर बरं वाटलं. तिसऱ्याने ती दिवसभर पेंगायची आणि फिट होत्या तशाच. तेव्हा मुलांच्या मेंदूविकार तज्ज्ञांनी आम्हा दोघांना समोर बसवून सांगितलं की, दोन योग्य औषधं पुरेशा मात्रेत देऊनही फिट थांबल्या नाहीत तर पुढच्या औषधाने त्या पूर्ण थांबण्याची शक्यता फार कमी असते. एपिलेप्सीच्या म्हणजे अपस्माराच्या साधारण एक तृतीयांश रुग्णांचं असं होतं. मग म्हणाले, आहाराचा उपचार करून पाहू, पण तो औषधाइतकाच काटेकोर असतो, जमेल का? मी लगेच हो म्हणाले.

आधी तपासण्या झाल्या: रक्त, लघवी, पोटाची सोनोग्राफी, आणि शरीराला चरबी जाळता न येण्याचा जन्मजात दोष नाही ना, याची तपासणी. तो दोष असलेल्या मुलाला हा आहार दिला तर जिवावर बेतू शकतं. मग चार दिवस दवाखान्यात ठेवून सुरुवात केली.

चिऊचं प्रमाण ३:१. म्हणजे ३ ग्रॅम स्निग्धाला प्रथिनं आणि कर्बोदकं मिळून १ ग्रॅम. तिच्या एका जेवणात ३० ग्रॅम स्निग्ध, बाकी दोन्ही मिळून १०. ताटात बघितलं तर पनीर ४० ग्रॅम, दुधी ४० ग्रॅम आणि तूप २० ग्रॅम. पोळी नाही, भात नाही, वरण नाही, केळं नाही. (हा हिशोब तिच्या वजनाचा, तिच्या वयाचा आहे. कृपा करून कुणी उतरवून घेऊ नका.) पहिल्या सकाळी मी वजनकाट्यावर वाटी ठेवली आणि त्यात तूप ओतत गेले. २० चा आकडा येईपर्यंत हात थरथरत होता. माझ्या आईने आयुष्यभर तूप धारेने वाढलं, तिच्या मुलीला ते काट्यावर बघून वाढायचं होतं.

फ्रीजशेजारी कालनिर्णय टांगलेलं असतं. प्रत्येक फिटला तारखेच्या चौकोनात लाल पेनाने एक रेघ. पहिल्या महिन्यात रेघांखाली तिथी दिसत नव्हती. तिसऱ्या महिन्यात चार-पाच रेघा यायला लागल्या. आठव्या महिन्यात एक चौकोन कोरा राहिला. त्या रात्री बारा वाजेपर्यंत मी पेन हातात घेऊन तिच्या पायाशी बसून होते.

आता चौदा महिने झाले. आठवड्यातून दोन-तीनदा झोपेत हलके झटके येतात. तीन औषधांवरून एकावर आलो आहोत. हेल्मेट माळ्यावर टाकलं.

सगळ्यांना असा गुण येत नाही. आमच्याच दवाखान्यात भेटलेल्या एका मुलाला तीन महिन्यांत काहीच फरक पडला नाही, त्यांनी आहार थांबवला. पण हा उपचार असतो एवढंही कितीतरी पालकांच्या कानावर जात नाही, याचं मला फार वाईट वाटतं. कुणाला काही विचारायचं असेल तर विचारा. संशोधनाबद्दल ज्यांना कळतं त्यांनीही लिहा.

टेकडीवाला | सोमवार, सकाळी ७.१५

शेवंती, वाचून गळा दाटून आला. चिऊला आशीर्वाद.

एक शंका विचारतो, राग मानू नका. लहान मुलांच्या फिट कधी कधी वयानुसार आपोआपही कमी होतात ना? मग फरक आहाराने पडला हे कसं कळायचं? औषधाची जशी दोन गट करून चाचणी घेतात, तशी आहाराची झाली आहे का? मी अभियंता आहे, वैद्यकातलं कळत नाही, पण अनुभव आणि पुरावा यांतला फरक मला महत्त्वाचा वाटतो.

शेवंती | सोमवार, सकाळी ८.०५

राग कसला, हाच प्रश्न मी डॉक्टरांना विचारला होता. इथले रानवाराकाका बालरोगतज्ज्ञ आहेत, ते नीट सांगतील.

रानवारा | सोमवार, दुपारी ३.३०

ओपीडी संपवून लिहितो आहे. टेकडीवाला, प्रश्न अगदी योग्य आहे.

थोडं मागून सुरू करतो. उपाशी राहिलं की फिट कमी होतात हे माणसाला फार पूर्वीपासून दिसत आलं आहे. १९११ मध्ये फ्रान्समध्ये गेल्पा आणि मारी या डॉक्टरांनी उपासाच्या उपचाराची नोंद केली. पण उपास किती दिवस चालवणार? १९२१ मध्ये अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या रसेल वाइल्डर यांनी सुचवलं की, जेवण चालू ठेवून शरीराला उपास घडल्यासारखं वाटायला लावता येईल. त्यासाठी स्निग्ध भरपूर आणि कर्बोदकं अगदी कमी ठेवायची. किटोजेनिक हे नाव त्यांनीच दिलं. तिथल्याच पीटरमन यांनी मुलांसाठी हिशोब बसवला: वजनाच्या प्रत्येक किलोला १ ग्रॅम प्रथिन, दिवसाला १० ते १५ ग्रॅम कर्बोदकं, उरलेले सगळे उष्मांक स्निग्धातून. शेवंतीच्या काट्यावरचं गणित थोड्याफार फरकाने तेच आहे, शंभर वर्षांनंतरही.

१९३८ मध्ये फेनिटॉइन हे फिटचं औषध आलं. गोळी देणं सोपं, त्यामुळे आहार मागे पडला. शिकवणारे उरले नाहीत, मोजून देणाऱ्या आहारतज्ज्ञ उरल्या नाहीत. १९९० च्या दशकात जिम अब्राहम्स या हॉलिवूडच्या दिग्दर्शकाचा मुलगा चार्ली याला कशानेच गुण येईना, मेंदूची शस्त्रक्रियासुद्धा झाली होती. बापाने स्वतः ग्रंथालयात बसून वाचन केलं, त्यात हा आहार सापडला. अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात डॉ. जॉन फ्रीमन आणि आहारतज्ज्ञ मिलिसंट केली यांनी तो टिकवून ठेवला होता. चार्लीच्या फिट थांबल्या. त्या बापाने १९९४ मध्ये चार्ली फाउंडेशन काढलं आणि तिथून हा उपचार पुन्हा जगभर गेला. आपल्याकडे मुंबईत डॉ. जनक नाथन यांनी नव्वदच्या दशकातच भारतीय जेवणात तो बसवून दाखवला.

आता पुरावा. २००८ मध्ये लंडनच्या गटाने १४५ मुलांची चाचणी प्रसिद्ध केली. चिठ्ठ्या टाकल्यासारखे दोन गट केले. एकाला आहार लगेच, दुसऱ्याला तीन महिने थांबून, आणि औषधं दोन्हीकडे तीच. तीन महिन्यांनी आहाराच्या गटात ३८ टक्के मुलांच्या फिट निम्म्याहून कमी झाल्या होत्या, थांबलेल्या गटात ६ टक्के मुलांच्या. आपोआप बऱ्या होणाऱ्या असत्या, तर दोन्ही गटांत सारख्याच कमी झाल्या असत्या.

दिल्लीच्या एम्सने २०१३ मध्ये १०२ मुलांवर सुधारित अ‍ॅटकिन्स आहाराची तशीच चाचणी केली. हा जरा सैल प्रकार आहे, त्यात मुख्यतः कर्बोदकं मोजतात. तिथे ५२ टक्के विरुद्ध ११.५ टक्के असा फरक आला. २०२० मध्ये एम्सनेच तिन्ही प्रकार समोरासमोर ठेवले: शुद्ध किटो, सुधारित अ‍ॅटकिन्स, आणि साखर हळू चढवणारे पदार्थ देणारा तिसरा. १७० मुलं, २४ आठवडे. फिट कमी होण्याचा मध्यक (मधल्या मुलाचा आकडा) अनुक्रमे ६६, ४५ आणि ५४ टक्के होता. त्रास मात्र शुद्ध किटोत सर्वांत जास्त मुलांना झाला, तिसऱ्या प्रकारात सर्वांत कमी. त्यामुळे कोणत्या मुलाला कोणता प्रकार द्यायचा, हे घर बघून ठरवावं लागतं.

उणीवही सांगतो. गोळीसारखा खोटा आहार देता येत नाही, आईवडिलांना कळतंच. फ्रीमन यांनी २००९ मध्ये तोही प्रयत्न केला. वीस मुलांना सगळ्यांना किटोच दिला, पण पिण्याच्या पाण्यात आलटून पालटून ग्लुकोज किंवा सॅकरीन (साखर नसलेलं गोड द्रव्य) घातलं, म्हणजे ग्लुकोजवाल्या मुलाचे किटोन (या आहारात शरीर चरबीपासून बनवतं ते इंधन) उतरावेत आणि कुणाला कळू नये. पण ग्लुकोजने किटोन पूर्ण उतरलेच नाहीत आणि निकाल धूसर राहिला. खरं विज्ञान असं अडखळत चालतं.

आणखी एक. ग्लूट-१ नावाच्या जन्मजात आजारात रक्तातली साखर मेंदूत नेणारं दारच नीट उघडत नाही. साखर रक्तात असते आणि मेंदू उपाशी. किटोन दुसऱ्या दाराने आत जातात. तिथे हा आहार शेवटचा उपाय म्हणून ठेवत नाहीत, पहिला म्हणून देतात.

टेकडीवाला | सोमवार, दुपारी ४.१०

मनापासून आभार. २००८ च्या चाचणीतली थांबलेल्या गटाची गोष्ट मला पटली. शंका फिटली.

आजोळ | सोमवार, संध्याकाळी ७.००

चरकसंहितेत अपस्माराच्या चिकित्सेत पंचगव्य घृत सांगितलं आहे, हे मला या निमित्ताने आठवलं. माझ्या आजोबांकडे लांबून लोक यायचे, त्यांना ते तूपच देत. मग आपल्या पूर्वजांना हेच माहीत होतं असं म्हणता येईल का? आणि रोज दोन चमचे तूप खाल्लं तर थोडा तरी उपयोग होईल का?

प्रयोगवही | सोमवार, रात्री ९.२०

आजोळ, मी जैवरसायनशास्त्रात काम करते, म्हणून यंत्रणेपुरतं सांगते.

आपण पोळीभात खातो तेव्हा त्याची साखर होते, इन्शुलिन वाढतं, आणि इन्शुलिन असेपर्यंत यकृत किटोन करायला घेत नाही. वरून कितीही तूप घातलं तरी ते साठवलं जातं. कर्बोदकं खूप खाली आली आणि तशीच खाली राहिली की यकृत चरबी फोडून बीटा-हायड्रॉक्सीब्युटिरेट आणि अ‍ॅसिटोअ‍ॅसिटेट बनवतं. मेंदूला चरबी सरळ वापरता येत नाही, हे किटोन येतात. म्हणून भातावर दोन चमचे तूप घेऊन किटोसिस, म्हणजे रक्तात किटोन वाढण्याची स्थिती, येत नाही. ४:१ च्या आहारात हिशोब करून बघा: ४ ग्रॅम स्निग्धाचे ३६ उष्मांक, १ ग्रॅम बाकीचे ४. एकूण ४० पैकी ३६ स्निग्धातून, म्हणजे ९० टक्के. आपल्या रोजच्या ताटात याच्या जवळपासही काही नसतं.

पंचगव्य घृताबद्दल: त्यात तुपाची मात्रा औषधाची असते, सोबतचं जेवण ठरलेलं असतं, विचारही वेगळा आहे. आजोबांनी ज्यांना बरं केलं त्यांचा मान ठेवूनच म्हणते, ती वेगळी वाट आहे. दोन्ही एकच म्हटलं तर दोन्हींवर अन्याय होतो.

खोबरेल तेलाबद्दलही इथे विचारलं जाईल, म्हणून आधीच लिहिते. एमसीटी म्हणजे मध्यम साखळीची स्निग्धं, त्यांतून किटोन लवकर बनतात. हटनलोकर यांनी १९७१ मध्ये त्यांच्यावर आधारलेला आहार आणला, त्यात थोडी जास्त कर्बोदकं चालतात. पण खोबरेलात जवळपास निम्मा भाग लॉरिक आम्लाचा असतो, दवाखान्यात देतात ते ८ आणि १० कार्बनचं तेल त्यात थोडंच असतं. खोबरेल म्हणजे एमसीटी नव्हे.

हे सगळं फिट का थांबवतं, याचं एक उत्तर अजून नाही आणि मला तेच सर्वांत रंजक वाटतं. मेंदूला शांत करणारं गाबा वाढतं, पेशींना ऊर्जेचा पुरवठा स्थिर राहतो, गाबासारखाच शांत करणाऱ्या अ‍ॅडेनोसिनचा परिणाम वाढतो, असे धागे आहेत. लंडनच्या रॉयल हॉलोवेमधल्या गटाने दाखवलं की १० कार्बनचं डेकॅनोइक आम्ल स्वतःच मेंदूतल्या उत्तेजनाच्या एका ग्राहीला (पेशीवरच्या संदेश घेणाऱ्या जागेला) अडवतं, म्हणजे किटोनशिवायही काही काम होतं. आणि २०१८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या एलेन शाओ यांच्या गटाने उंदरांमध्ये पाहिलं की आतड्यातले जिवाणू मारून टाकले तर आहाराचा फिटवरचा परिणामच जातो, आणि ठरावीक दोन जातींचे जिवाणू परत घातले की तो परत येतो. हे वाचलं त्या दिवशी मी प्रयोगशाळेत सगळ्यांना थांबवून सांगत सुटले होते. अर्थात उंदीर तो उंदीर, माणसापर्यंत यायला वेळ लागेल.

सांजवात | मंगळवार, पहाटे १.५०

मी इथे कधी लिहीत नाही. माझ्या धाकट्या भावाला दहा वर्षांपासून बायपोलर (मन टोकाचं वरखाली होण्याचा आजार) आहे. त्यावर लिथियमच्या गोळ्या चालू आहेत. मध्ये एका गोळीने वजन वीस किलो वाढलं, आता साखरही वाढली आहे. कुणीतरी त्याला व्हिडिओ पाठवला की किटोने मानसिक आजार बरे होतात, आणि आता तो म्हणतो की गोळ्या बंद करून हेच करणार. यात खरं किती आहे? कुणी काहीही सांगा, पण खोटी आशा दाखवू नका. खूप थकले आहे.

प्रयोगवही | मंगळवार, सकाळी ८.३०

सांजवात, बरं झालं लिहिलंत. जेवढं ठामपणे सांगता येईल तेवढंच सांगते.

विचाराला आधार आहे. बायपोलरमध्ये वापरली जाणारी काही औषधं मुळात फिटची औषधं आहेत, व्हॅल्प्रोएट त्यातलंच. मग फिटचा आहार इथे चालेल का, हा प्रश्न सुचणं साहजिक होतं. स्टॅनफर्डच्या डॉ. शेबानी सेठी यांनी २०२४ मध्ये छोटा प्रयोग प्रसिद्ध केला. बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असलेले २१ जण, चार महिने, औषधं चालू ठेवून किटो. बऱ्याच जणांची लक्षणं सुधारली, वजन सरासरी १० टक्के उतरलं. एडिनबरामध्ये इयन कॅम्पबेल यांच्या गटाने बायपोलरवर असाच प्रयोग केला: २६ जणांनी सुरुवात केली, २० जणांनी सहा ते आठ आठवडे पूर्ण केले. कॅम्पबेल यांना स्वतःला हा आजार आहे आणि ते हे उघडपणे सांगतात. हार्वर्डशी जोडलेले डॉ. क्रिस्टोफर पामर यांनीही या विषयाला बरीच चालना दिली आहे.

पण या दोन्ही प्रयोगांत तुलनेचा गट नव्हता. टेकडीवालांनी वर विचारलं तेच इथे विचारायला हवं, आणि इथे उत्तर अजून हातात नाही. चार महिने आठवड्यामागून आठवडा कुणीतरी आपुलकीने विचारपूस करतंय, यानेही माणूस सुधारतो. मोठ्या चाचण्या व्हायला हव्यात, काही सुरूही झाल्या आहेत.

रानवारा | मंगळवार, सकाळी ९.००

सांजवात, यात एक गोष्ट आजच भावाला सांगा. सेठींच्या प्रयोगात कुणाच्याही गोळ्या बंद करून आहार दिला नव्हता. गोळ्या चालूच होत्या.

आणि लिथियमवर असताना मनाने किटो सुरू करू नये. पहिल्या काही दिवसांत लघवीवाटे पाणी आणि मीठ बरंच जातं. शरीरातलं सोडियम कमी झालं की किडनी लिथियम धरून ठेवते आणि रक्तातली पातळी धोक्याच्या वर जाऊ शकते. हात जास्त कापायला लागले, उलट्या, जुलाब, तोल जाणं, असं काही दिसलं तर वाट न बघता लगेच दवाखान्यात न्या. त्यांच्या मनोविकारतज्ज्ञांकडे दोघं मिळून जा. तो व्हिडिओच घेऊन जा, लपवून ठेवू नका. पातळी वेळोवेळी तपासत देखरेखीखाली करता येतं का, हे ते ठरवतील. भावाला वजन आणि साखर खाली आणावीशी वाटते आहे हीच मुळात चांगली गोष्ट आहे, तिथून बोलणं सुरू करा.

सांजवात | मंगळवार, सकाळी ११.२०

लिथियमचं मला कुणीच सांगितलं नव्हतं. शुक्रवारची वेळ घेतली आहे. तो यायला तयार झाला.

माहीमकर | मंगळवार, दुपारी १.१०

रानवारांनी लिथियमबद्दल लिहिलं, त्यात मधुमेहाचंही एक जोडा. आमच्या घरी घडलेलं लिहितो.

बाबा ६८ वर्षांचे, मधुमेह आहे. डापाग्लिफ्लोझिन ही मधुमेहाची गोळी चालू होती, आता ती गोळी स्वस्त झाल्यापासून बऱ्याच जणांना मिळते. त्यांनी व्हिडिओ बघून भात-पोळी एकदम बंद केली. सहाव्या दिवशी उलट्या सुरू झाल्या, धाप लागली. ग्लुकोमीटरवर साखर १७०. आम्ही म्हटलं, साखर तर बरी आहे, पित्त झालं असेल. जवळच्या दवाखान्यातही साखर बघून पित्ताचंच इंजेक्शन दिलं. रात्री मोठ्या दवाखान्यात नेलं, तिथल्या तरुण डॉक्टरबाईंनी गोळीचं नाव विचारलं, लगेच रक्तातले किटोन तपासले आणि सरळ आयसीयूत घेतलं. कीटोअ‍ॅसिडोसिस. म्हणजे किटोन फार साचून रक्त आम्लधर्मी होणं. साखर फार न वाढताही होतो. दोन दिवस काय अवस्था होती ते सांगता येत नाही. आता बरे आहेत.

ग्लिफ्लोझिन शेपटीची कोणतीही गोळी चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवणातली कर्बोदकं एकदम कमी करू नका. हात जोडून सांगतो.

रानवारा | मंगळवार, दुपारी २.००

माहीमकर, हे लिहिलंत ते फार मोलाचं आहे. त्या गोळ्या स्वतःच शरीराला किटोनकडे ढकलतात, त्यात हा आहार म्हणजे उतारावर आणखी धक्का. इन्शुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या इतर काही गोळ्या घेणाऱ्यांना उलटा धोका असतो, साखर एकदम खाली जाते. टाइप २ मधुमेहात कमी कर्बोदकांचा चांगला उपयोग होतो, पण औषधांचे डोस आधी बदलून घ्यावे लागतात.

निशिगंध | मंगळवार, रात्री ८.४५

माझ्या आत्याला रक्ताचा कर्करोग आहे. शेजारी सांगतात, साखर बंद केली की कर्करोग उपाशी मरतो. हे कितपत खरं?

प्रयोगवही | मंगळवार, रात्री ९.३०

निशिगंध, गाठीच्या पेशी साखर जास्त ओढतात हे ऑटो वारबुर्ग यांनी १९२० च्या दशकातच पाहिलं होतं, तिथून हा विचार आला. पण त्यावरून उपाय काढणं सोपं नाही. २०१८ मध्ये नेचर या विज्ञानपत्रिकेत आलेल्या एका संशोधनात (डॉ. सिद्धार्थ मुखर्जीही त्यात होते) उंदरांना एका विशिष्ट औषधासोबत किटो दिला, तर औषधाचा परिणाम वाढला. पण रक्ताचा कर्करोग असलेल्या उंदरांना नुसताच किटो दिला, तर आजार उलट वेगाने वाढला. शेजारच्यांना हा दुसरा भाग माहीत नसणार. आत्याला केमोत वजन टिकवायचं असतं, तिला जे जाईल ते जेवू दे. डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीही बंद करू नका.

निशिगंध | मंगळवार, रात्री ९.५०

आजच तिने वरणभात मागितला होता आणि आम्ही नको म्हणालो होतो. उद्या देते.

वडाचा पार | बुधवार, सकाळी १०.००

विस्मरणाच्या आजारात काही आहे का? आईला अल्झायमर आहे.

प्रयोगवही | बुधवार, दुपारी १२.१५

थोडं आहे. अल्झायमरमध्ये मेंदू साखर कमी वापरतो, पण किटोन जवळपास पूर्वीसारखेच वापरतो, हे कॅनडात स्टीफन कुनान यांनी स्कॅनवर दाखवलं. न्यूझीलंडमध्ये २६ रुग्णांवर २०२१ मध्ये चाचणी झाली, प्रत्येकाने बारा आठवडे किटो आणि बारा आठवडे कमी स्निग्धाचा साधा आहार घेतला. किटोत रोजची कामं आणि जगण्याची प्रत सुधारली. स्मरणशक्तीच्या चाचणीतला फरक मात्र ठाम म्हणण्याइतका नव्हता. वयस्कर माणसाचं वजन उतरणं वाईट, म्हणून घाई नको.

कवडसा | बुधवार, रात्री ११.३०

शेवंतीताई, माझा मुलगा चार वर्षांचा आहे. सोमवारी त्याला भरती करायचं आहे, ३:१ च सांगितलं आहे. कालपासून हा धागा चार वेळा वाचला. मी दहावी शिकलेली, हे ग्रॅमचं गणित मला झेपेल का याचीच भीती वाटते. घरात सासूबाई, जावेची मुलं, सगळे एकत्र. काय काय जपायचं ते सांगाल का? आणि त्रास काय होतो तेही खरं खरं सांगा.

शेवंती | गुरुवार, सकाळी ६.२०

कवडसा, चिऊ उठायच्या आधी लिहिते आहे.

गणित आहारतज्ज्ञ करून देतात, तुम्ही फक्त आकडा बघायचा. कमी शिकलेल्या पालकांना वाटी-चमच्याच्या मापाने सुधारित अ‍ॅटकिन्स जमतो का, यावर दिल्लीत मुद्दाम वेगळी चाचणी झाली होती, आणि जमला. काट्याची फारच धास्ती वाटली तर तो प्रकार चालेल का, हे सोमवारी विचारा. यात लाजू नका.

खरा त्रास: पहिल्या आठवड्यात चिऊ चिडचिडी झाली, दोनदा उलटी झाली. बद्धकोष्ठता अजून आहे, इसबगोल आणि भरपूर पाणी. पाणी कमी पडलं की मुतखड्याची भीती, आम्हाला त्यासाठी पोटॅशियम सायट्रेट दिलं आहे. कोलेस्टेरॉल वाढलं होतं, तेलं बदलल्यावर उतरलं. उंची जरा हळू वाढते आहे, दर तीन महिन्यांनी मोजतात. जेवणातून पुरेशी जीवनसत्त्वं मिळत नाहीत, म्हणून बिनसाखरेची गोळी आणि कॅल्शियम रोज. हे सगळं दोन वर्षांसाठी आहे, मग दोन-तीन महिन्यांत प्रमाण हळूहळू उतरवत आणतात. आमचे दहा महिने राहिले.

सर्वांत मोठी चूक आमच्याकडे औषधातून झाली. चौथ्या महिन्यात तिला खोकला झाला, जवळच्या डॉक्टरांनी सिरप दिलं, मीही विचार न करता पाजलं. दुसऱ्या दिवशी लघवीतले किटोन दाखवणारी पट्टी, जी रोज गडद जांभळी व्हायची, ती फिकट गुलाबी झाली. संध्याकाळपर्यंत सात फिट. बाटलीवर बारीक अक्षरात साखर लिहिलेली होती. तेव्हापासून तिच्या फाइलवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवलं आहे: सिरप नको, गोळी कुटून द्या, सलाईन ग्लुकोजचं नको. तुम्हीही लिहा, आणि दवाखान्याकडून तसं पत्र घ्या. पेस्ट गिळू देऊ नका. व्हॅसलीन, तेल लावायला हरकत नाही.

सासूबाईंना पहिल्याच दिवशी बरोबर न्या, आहारतज्ज्ञांसमोर बसवा. माझ्या सासूबाई आधी लपून खडीसाखर द्यायच्या, नातीचं तोंड गोड करायला. मी ओरडले नाही, त्यांच्या हातात ते लाल पेन दिलं आणि म्हटलं, आजपासून रेघा तुम्ही मारा. चार दिवसांनी त्यांनी खडीसाखरेचा डबा स्वतःच उचलून शेजारी दिला. आता चिऊचं तूप त्याच तोलतात. गणपतीत नारळाचा कीस, साय आणि बदामाची पूड घालून मोदकाच्या आकाराचं काहीतरी त्यांनीच बनवलं. दीड तास काट्यापाशी बसल्या होत्या.

जावेच्या मुलांना सांगा की हे त्याचं औषध आहे, तुमचा खाऊ त्याला देणं म्हणजे त्याला पाडणं. मुलांना कळतं. चिऊच्या वर्गातली एक मुलगी आता रोज तिच्या डब्यावर पहारा देते.

रविवारी एवढं आणून ठेवा: ०.१ ग्रॅम दाखवणारा काटा आणि त्याच्या जास्तीच्या बॅटऱ्या, छोट्या स्टीलच्या वाट्या, आणि केक करणाऱ्यांकडे असतो तो रबरी चमचा. तो फार लागतो. तूप वाटीला चिकटून राहतं, आणि वाटीला राहिलं तेवढं औषध कमी गेलं. शेवटी वाटी त्या चमच्याने निपटून घ्यायची, पनीरचा शेवटचा तुकडा त्यात फिरवायचा आणि मग तो भरवायचा.

सोमवारी पहिलं जेवण झालं की इथे लिहा. उलटी केली, थुंकलं, खाल्लंच नाही, काहीही झालं तरी लिहा. मी सकाळी पाचपासून जागी असते.